डावा हातमोजा

मी गेले होते बिल वसूल करायला.
सव्वातीन डॉलर. पिसांचे दोन पंखे वाफेवर फुलवून,
एक सॅटिनचा झगा, लांब हातमोज्यांचा एक जोड.
बफेलो शहर, फेब्रुवारी. सरोवरावरचं वारं
कानाचे लचके तोडत होतं.
काकांनी बजावलं होतं, लुडमिला,
पैसे घेतल्याशिवाय परतू नकोस.
नाचगाणंवाल्यांचा काय भरवसा,
आज इथे, उद्या ओहायोत.

मागच्या दाराने शिरले. एकोणीस वर्षांची,
खिशात जपमाळ, भोकाच्या बुटांत वर्तमानपत्र.
विंगेत उभं राहायचं, नजर जमिनीवर ठेवायची,
हे ठरवूनच आले होते.

ती आली आणि बँड चुकला.
ट्रंपेटवाला शिंकला होता बहुतेक.
ती थांबली. उशिरा आलेल्या पोराकडे
शाळेतल्या बाई पाहतात तशी पाहत राहिली,
मग पंखा लांबवून
त्याचं नाक पुसल्यासारखं केलं.
पोलाद कारखान्यातून थेट आलेली दीडशे माणसं
हसली. मीही हसले,
आणि हसताना नजर वर गेली ती गेलीच.

जाहिरातीवर ती लेडी टॅन्सी.
पगाराच्या वहीत वेल्डा क्रॅनशॉ,
पन्नाशी उलटलेली, डावा गुडघा अधू,
पोटावर टाक्यांचा व्रण, पावडरला न जुमानणारा.
तो ती झाकत नव्हती.
पाहुण्यांना घर दाखवावं तसा
सरळ प्रकाशात धरत होती.

डावा हातमोजा काढायला किती वेळ लागला?
घड्याळ नाही पाहिलं मी,
पण माझ्या बुटांवरच्या बर्फाचं
पायाशी तळं झालं होतं.
एक बोट दातांनी सैल करायची,
मग थांबायची, काहीतरी आठवल्यासारखी,
घरचा गॅस बंद केला होता ना?
मग पुढचं बोट.
करंगळीपाशी तर कुणीतरी कळवळून ओरडलं,
'बाई, माझी रात्रपाळी आहे!'

तेवढ्यात पाठीवरचं बटण तुटलं.
खरंच तुटलं. मला ठाऊक,
ते मीच लावलं होतं, घाईत, एकेरी दोऱ्याने.
घरंगळत निघालं फळ्यांवरून,
आणि ती त्याच्यामागे, लंगडत, हात पसरून,
घर सोडून निघालेल्या नवऱ्याची
समजूत काढायला निघाल्यासारखी.
छप्पर उडालं हसण्याने.
मी मेल्याहून मेल्यासारखी.

नंतर आरशापुढे बसून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी,
ते बटण तिने माझ्या तळहातावर ठेवलं.
'कपडे काय, कुणीही काढतं.
आंघोळीला जाताना तूही काढतेस.
उशीर करायला शिकण्यात
माझी तीस वर्षं गेली.'
पैसे मागायचे राहूनच गेले.

ते थिएटर पाडलं. तिथे आता गाड्या उभ्या असतात.
टोलेडोहून एकदा पोस्टकार्ड आलं,
त्यावर एवढंच: दुहेरी दोरा वापर.

आता दर गुरुवारी, बंद पडलेल्या बोलिंग क्लबात,
मी टिकल्या टाकत बसते.
एक नर्स येते, एक हिशेबनीस, जुळ्यांची एक आई,
आणि इग्नेशस, ज्याच्याइतकं हळू
कुणालाच चालता येत नाही.
विचारतात, काय होतं हो तिच्यात?
मी सुई दातांत धरते. काय सांगू?
दीडशे जणांना वाटत होतं, आपण तिला पाहतोय.
पाहत ती होती.
रात्रपाळीवाल्यालाही, विंगेतल्या मलाही.
तसं मला कुणी पाहिलं नव्हतं,
ना कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्याने,
ना पुढे लग्न केलं त्याने.

परवा क्लबातून परतताना बस आली.
पास आतल्या खिशात, बोटं लोकरीत.
अंगठा सैल केला. मग तर्जनी.
मागे रांग, वर बर्फ.
चालक म्हणाला, 'सावकाश, आजी.'
मी त्याच्याकडे पाहिलं,
आणि मधल्या बोटापाशी
जरा थांबले.